रोकाल्बाची पाटली

१. पाटली

सोन्याची पाटली हरवली इटलीतल्या एका टेकडीवर, आणि तिची चौकशी बसली टेक्ससमध्ये, शुगर लँडच्या एका स्वयंपाकघरात. चौकशी करणाऱ्या बाई म्हणजे अहिल्या देवस्थळी. ह्यूस्टनच्या विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली होती. रडणारी, भांडणारी, खोटं बोलणारी आणि खरं बोलतानाही घाबरणारी अशी सगळी माणसं त्या खिडकीशी येऊन गेली. रिटायर झाल्यावर मराठी मंडळात कोणाचं काही हरवलं की फोन अहिल्याताईंना जायचा. आपल्याला याचा कंटाळा आलाय असं त्या सांगायच्या, पण फोन पहिल्या रिंगला उचलायच्या.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी शोभा जोगळेकरने बोलावलं म्हणून त्या गेल्या. दारातच तिचे यजमान विष्णुपंत बाकावर पाय पुढे करून बसले होते आणि शोभा त्यांच्या बुटांच्या नाड्यांची फुलं बांधत होती. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नसे. बिननाडीचे बूट घ्या म्हणून घरादाराने सांगून झालं होतं, पण नाडीचे ते बूट, बाकी सगळ्या सपाता, असं त्यांचं ठाम मत. तेलाच्या कंपनीत इंजिनियर म्हणून काढलेल्या आयुष्यात त्यांची अशी बरीच मतं तयार झाली होती. देव नाही, हे त्यातलं पहिलं.

विष्णुपंत मॉलमध्ये चालायला गेले आणि शोभाने दार लावून घेतलं.

"यांच्या कानावर घालायचं नाही, अहिल्याताई. बायपास झालीय, चिडले तर निस्तरायचं कोणी?"

मग तिने सगळं सांगितलं. जूनमध्ये घरची मंडळी इटलीला गेली होती. शोभा, विष्णुपंत, मुलगा नकुल, सून प्रीता आणि शोभाच्या मावसबहिणीचा मुलगा प्रथमेश, जो इथे ह्यूस्टनला पीएचडी करतो आणि तिकडे व्हॅन चालवायला म्हणून बरोबर घेतला होता. रोकाल्बा नावाचं टेकडीवरचं जुनं गाव बघायला एक दिवस ठेवला होता. गावाभोवती दगडी तट, गाड्या वेशीबाहेर ठेवायच्या आणि आत चढण चढत जायचं. उन्हाने शोभाचे हात सुजले आणि पाटल्या रुतायला लागल्या. सासूबाईंच्या पाटल्या, जुन्या घडणीच्या. साबण लावून कशाबशा काढल्या, कापडी बटव्यात घातल्या आणि बटवा प्रीताच्या पर्समध्ये ठेवायला दिला. संध्याकाळी बटवा उघडला तर आत एकच पाटली.

"पर्स दिवसभर कोणाजवळ होती?"

"प्रीताजवळ. आणि कोणाजवळ असणार?"

"तू तिला काय विचारलंस?"

"काही नाही हो. एवढंच म्हटलं, दोन्ही दिल्या होत्या ना गं मी?"

अहिल्याताईंनी कप खाली ठेवला. शब्द साधेच होते, पण सुनेला सासूने विचारले होते, आणि विष्णुपंत सोडून सगळ्यांसमोर. त्यानंतर प्रीता या घरी जेवायला आली नव्हती. नकुलने फ्रीमाँटला बदली मागून घेतली होती आणि दोघं महिनाअखेर घर सोडून चालली होती. पाटली परत मिळो न मिळो, शोभाला वेगळीच भीती वाटत होती. पोरगी मनात डाग घेऊन कॅलिफोर्नियाला गेली तर मुलगाही तिच्याबरोबर कायमचा गेला. आणि प्रीतानेच घेतली असेल तर? तेही तिला जाणून घ्यायचं होतं. संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की ते माणसाला धड झोपूही देत नाही.

"आधीच गेल्या हिवाळ्यापासून ती गप्प झालीय," शोभा खालच्या आवाजात म्हणाली. पाचवा महिना चालू असताना प्रीताचं मूल गेलं होतं. "आम्ही तो विषयच काढत नाही. उगाच जखम कशाला उघडायची?"

 निघताना अहिल्याताईंनी सहज विचारलं, त्या गावातून आणखी काय काय आलं आणि आणखी काय हरवलं. शोभा वैतागून हसली. विष्णुपंतांनी तिच्यासाठी हिरवा रेशमी स्कार्फ घेतला आणि कुठल्याशा हॉटेलात विसरून आले. वर घरी काय आणलं, तर तांदूळ. ज्यांना चहा उकळता येत नाही, त्यांनी इटालियन तांदळाचा पुडा आणला, तोही फोडलेला. त्याची खिचडी केली तर नुसता लगदा झाला.

२. प्रथमेशचे फोटो

शनिवारी प्रथमेश अहिल्याताईंकडे आला तो कोर्टात हजर व्हावं तसा शर्ट इन करून. नागपूरचा मुलगा, एरवी बडबड्या. त्या दिवशी पोह्यांना हातही लावेना. शोभामावशींनी सहलीनंतर आपल्याला एकदाही जेवायला बोलावलं नाही, याचा अर्थ त्याला कळला होता. घरचं माणूस सोडून परकं म्हणावं असं त्या व्हॅनमध्ये दुसरं होतं कोण?

"मावशी, मी पर्सला हात नाही लावला. चेक करा पाहिजे तर मला."

"तुला कशाला चेक करू? फोटो दाखव."

वस्तू हरवली की माणूस ती शेवटची कुठे दिसली तेवढंच सांगतो, हे अहिल्याताईंना खिडकीमागे बसून कळलं होतं. त्यामुळे सामान कोणाच्या हातात होतं एवढंच विचारून त्या थांबत नसत. सामानाजवळ कोण बसलं होतं, असंही विचारत. त्यांनी प्रथमेशला तो दिवस सकाळपासून सांगायला लावला आणि टॅबवर एकेक फोटो सरकवत गेल्या. वेशीची कमान, बोळातली कपड्यांची दोरी, पायऱ्यांवर झोपलेलं मांजर, चढावर दमलेली शोभा. प्रथमेशचा जीव हळूहळू खाली पडला आणि तो बोलायला लागला.

गावाच्या मधोमध चर्च होतं. तिथे जरा गंमत झाली, तो म्हणाला. शोभामावशींनी दारात सगळ्यांना थांबवलं. देवाचं ठिकाण आहे, कोणाचं का असेना, चपला बाहेर काढा, आणि चामडंही आत न्यायचं नाही. नकुलने म्हणून पाहिलं की इथे तसं काही नसतं, पण आईपुढे कोणाचं चालतंय? सगळ्यांनी पायऱ्यांवर बूट काढले. चर्चमधली एक म्हातारी या मंडळींच्या पायांकडे बघतच राहिली.

"चौघं आत गेलात. आणि भाऊजी?"

"काका कुठे येतात आत? देऊळ असो नाही तर चर्च. बसले बाहेर पायऱ्यांवर, चपला राखत." प्रथमेश हसला. "नेहमीचंच आहे त्यांचं."

पुढचा फोटो आतला होता. उंच खिडकीतून ऊन येत होतं आणि कडेवर बाळ घेतलेल्या मेरीची मूर्ती समोर होती. मूर्तीच्या भोवती भिंतीवर लोकांनी नवस फेडून लावलेले चांदीचे छोटे, हृदयाच्या आकाराचे बदाम चमकत होते. मूर्तीसमोर प्रीता पाठमोरी उभी होती, अनवाणी, दोन्ही हात छातीशी धरून.

"ती फार रडत होती," प्रथमेश म्हणाला. "म्हणजे, आवाज नाही, पण कळत होतं. दार सताड उघडं होतं, बाहेरच्यांनाही दिसलं असेल. आम्ही सगळे मग छत-बित बघायला लागलो. काय बोलणार ना?"

अहिल्याताईंनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. प्रीताच्या खांद्यावर काही नव्हतं. कोपरात काही नव्हतं. खाली फरशीवरही काही नव्हतं.

"प्रथमेश, तिची पर्स चामड्याची होती का रे?"

तो होकार देऊन थांबला आणि टॅबकडे बघत राहिला.

३. प्रीता

प्रीताच्या घरात खोक्यांची रांग लागली होती. न्यू जर्सीत जन्मलेली, तिथेच वाढलेली ही मुलगी फिजिकल थेरपिस्ट होती. सासऱ्यांच्या पाठीचे व्यायाम तीच करून घ्यायची, अगदी जूनपर्यंत. तिने अहिल्याताईंना बसायला एक खोकं दिलं, त्यावर उशी ठेवून.

"शोभाआईंनी पाठवलं ना तुम्हाला, मावशी? इट्स ओके. विचारा."

अहिल्याताईंनी विचारलं. प्रीताने उत्तरं पाठ केल्यासारखी दिली. बटवा तिने पर्समध्ये ठेवला, दोन्ही पाटल्या त्यात होत्या, पर्स दिवसभर तिच्याजवळ होती, संध्याकाळी एक नव्हती. कशी गेली ते माहीत नाही. मी केअरलेस असेन, ती म्हणाली, आणि टेपने खोकं बंद करायला लागली.

"पर्स दिवसभर तुझ्याजवळ होती?"

"येस."

अहिल्याताईंनी टॅब तिच्यापुढे धरला. प्रीताने फोटो पाहिला आणि टेप हातातच राहिली. आपण तशा उभ्या होतो हे बहुधा तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने टॅब उलटा करून खोक्यावर ठेवला.

"प्लीज, हे आईंना दाखवू नका."

"का? हा फोटो तुला सोडवतोय, पोरी. पर्स बाहेर होती. म्हणजे कोणीही..."

"कोणीही नाही, मावशी. तिथे कोणी नव्हतंच." ती पटकन बोलून गेली.

अहिल्याताई काय समजायचं ते समजल्या. चोर लपवण्यासाठी लोक खोटं बोलतात हे त्यांनी खूप पाहिलं होतं. इथे मात्र एक मुलगी आपल्यावर आळ घेऊन बसली होती, कारण तोंड उघडलं तर तो आळ म्हाताऱ्या सासऱ्यावर जाणार होता.  त्यांनी प्रीताच्या हातातली टेप काढून घेतली.

"भाऊजींकडून हरवली असं वाटतं तुला?"

"ही इज सेव्हंटी-टू. त्यांचा बायपास झालाय. बटवा उघडून बघितला असेल, पडली असेल पायऱ्यांवरून, मग घाबरले असतील." प्रीताने डोळे पुसले. "मी जातेच आहे. लेट देम थिंक इट वॉज मी. बाबांना आईंबरोबर राहायचंय, मला नाही."

"पडली असती तर त्यांनी आरडाओरडा केला असता. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे."

 प्रीताच्या चेहऱ्यावरून अहिल्याताईंना दिसलं की हाच प्रश्न तिलाही गेले कित्येक दिवस छळत होता. पाटली पडली नसेल, तर विष्णुपंतांनी स्वतःच्याच घरातलं सोनं चोरून न्यावं कशासाठी?

४. अख्खा नारळ

नकुल फोनवर आधी तडकलाच. मावशी, मला या पाटलीचं नावही काढायचं नाहीये, असं त्याने दोनदा सांगितलं. तो ऑफिसमधून ड्राइव्ह करत होता आणि हायवेवर ट्रॅफिक तुंबली होती, म्हणून फोन ठेवायचीही त्याला घाई नव्हती. अहिल्याताईंनी पाटलीचं नाव काढलं नाही. त्या दिवशी चर्चनंतर काय केलंत, एवढंच विचारलं.

चर्चनंतर जेवले, मग चौघं मनोरा चढायला गेले. पाठीमुळे बाबांना पायऱ्या जमणार नव्हत्या, ते कॉफी पीत बसतो म्हणाले. संध्याकाळी तटावर सगळे पुन्हा भेटले. तिथून खालची ऑलिव्हची शेतं फार सुंदर दिसत होती. सांगता सांगता नकुलचा आवाज निवळला आणि बाबांची एक गोष्ट आठवून तो हसलाही. वरून, मनोऱ्यावरून त्याला बाबा दिसले होते. वेशीपाशी नारळाच्या फोडी विकणारा एक माणूस होता, फोडींवर पाण्याचं कारंजं उडत असायचं. बाबा त्याच्याशी हातवारे करून वाद घालत होते.

"किमतीवरून?"

"मलाही तसंच वाटलं. नंतर विचारलं तर म्हणाले, मला फोडलेला नको होता, अख्खा हवा होता. मूर्ख माणूस, कळेचना त्याला. आय मीन, इटलीत येऊन अख्खा नारळ कोण मागतं, यार?"

अहिल्याताईंनी फोन ठेवला. मग टॅब पुढे ओढून प्रथमेशचे संध्याकाळचे फोटो काढले. तटावर घरची चौघं ओळीने उभी होती, मागे मावळतं ऊन. सगळे थकलेले. त्यांनी फोटो मोठा केला आणि चेहरे सोडून पायांकडे बघितलं. विष्णुपंतांच्या बुटांच्या नाड्या जमिनीवर लोळत होत्या. एका नाही, दोन्ही बुटांच्या.

त्यांनी शोभाला फोन लावला. हो, शोभा म्हणाली, तटावर तिचंच लक्ष गेलं आणि तिने वाकून बांधल्या. सकाळी नीट फुलं बांधली होती. चालून चालून सुटल्या असतील.

"एक सुटली असती तर मी मानलं असतं," अहिल्याताई म्हणाल्या. "उद्या दुपारी सगळ्यांना माझ्याकडे घेऊन ये. भाऊजींनाही."

"त्यांना नको हो. त्यांना यातलं काही..."

"त्यांना यातलं काही माहीत नाही, इथेच तर सगळा घोळ झालाय, शोभा."

५. अहिल्याताईंचं डायनिंग टेबल

रविवारी दुपारी सगळे आले. प्रीता येणार नाही असं शोभाला वाटत होतं, पण ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. विष्णुपंतांना फ्रीमाँटला जाणाऱ्या मुलांसाठी जेवण आहे असं सांगून आणलं होतं. मंडळी अशी गप्प का, म्हणून ते एकेकाकडे बघत होते.

अहिल्याताईंनी फार प्रस्तावना केली नाही. पाटली हरवल्यापासून या घरात प्रीतावर संशय आहे आणि म्हणून ती शहर सोडून चालली आहे, असं त्यांनी विष्णुपंतांकडे बघत सांगितलं. शोभाने डोळे मिटून घेतले. विष्णुपंत आधी काही समजलेच नाहीत. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हिच्यावर?" ते म्हणाले. "पाटली बाजारात गर्दीत पडली, असं ठरलं होतं ना?"

"ते तुम्हाला सांगायला ठरलं होतं," अहिल्याताई म्हणाल्या. "तुमच्या हृदयाला जपण्यासाठी."

विष्णुपंतांनी उठायचा प्रयत्न केला. अहिल्याताईंनी हातानेच त्यांना बसवलं. भाऊजी, तुम्ही सांगण्याआधी मी सांगते, त्या म्हणाल्या, कारण तुम्ही सांगाल तेव्हा फक्त स्वतःला दोष द्याल, आणि दोष काही एकट्या तुमचा नाही.

पर्स दिवसभर प्रीताजवळ होती, असं शोभाने सांगितलं होतं. पण चामडं आत न्यायचं नाही हा हुकूम तिचाच. ती पर्स चर्चच्या पायऱ्यांवर बुटांशेजारी ठेवली गेली, आणि तिथे एकच माणूस बसला होता. हे शोभाने स्वतः पाहिलं होतं. तरी तिला ते एकदाही आठवलं नाही.

"खोटं नाही बोललीस तू," अहिल्याताई तिला म्हणाल्या. "घरच्या माणसाला आपण मोजतच नाही. चपला राखणारा नवरा तू मोजला नाहीस. प्रीताला मात्र मोजलंस."

शोभाने मान खाली घातली. 

मग पाटली घेतली कशाला, हा प्रश्न होता. जेवणानंतर विष्णुपंत एकटे राहिले. त्यांनी अख्खा नारळ मागितला. खायचा असता तर फोडी चालल्या असत्या. त्यांनी तांदूळ घेतले आणि पुडा तिथेच फोडला. हिरवा स्कार्फ हॉटेलात विसरले म्हणाले, पण ते हॉटेल नेमकं कोणतं हे त्यांना सांगता आलं नाही. आणि संध्याकाळी त्यांच्या दोन्ही नाड्या सुटलेल्या होत्या. नाडीचं टोक दुसऱ्या पायाने दाबलं की फूल सुटतं, बांधायला मात्र वाकावं लागतं. एक नाडी आपोआप सुटते. दोन्ही सुटतात तेव्हा माणसाने बूट काढलेले असतात.

"परक्या गावात, हॉटेल नाही की घर नाही, आपला माणूस बूट कुठे काढतो?" अहिल्याताईंनी विचारलं. "अख्खा नारळ, तांदूळ, कोरं हिरवं कापड आणि सोनं. शोभा, आता तूच सांग हे कशाचं सामान आहे."

शोभाने तोंडावर हात नेला. "ओटी," ती म्हणाली. "ओटी भरलीत तुम्ही? तुम्ही?"

प्रीताला ओटी म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं. नकुलने हळू आवाजात तिला सांगितलं, देवीच्या पदरात घालतात, काही मागायचं असलं की. ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

विष्णुपंतांनी चष्मा काढला. आयुष्यभर देव नाही म्हणून वाद घातलेला माणूस आता पाच जणांसमोर शब्द शोधत होता, आणि ते बघणं कठीण होतं. आपल्या मूळ गावाला वेशीवर देवीचं देऊळ होतं, त्यांनी सांगितलं. घरात कोणावर वेळ आली की त्यांची आई ओटी भरायची आणि तबक धरायला त्यांना न्यायची. त्या दिवशी पायऱ्यांवर बसले असताना उघड्या दारातून त्यांना प्रीता दिसली. ती मूर्तीसमोर रडत होती आणि घरातले सगळे छताकडे बघत होते. त्यांच्या मांडीशी पर्स होती. त्यात आईच्या पाटल्या होत्या, त्यातली एक त्यांनी काढून घेतली.

"आईने भरली असती, तशी दुपारी परत जाऊन त्या मूर्तीपुढे भरली. बायकांनी भरायची असते हे मला कळतं. पण विचारणार कोणाला?" त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मी मानत नाही. आजही नाही मानत. पण माझ्या न मानण्याची शिक्षा हिला कशाला?"

"पण सांगायचं तरी," शोभा म्हणाली.

"लाज वाटली. आयुष्यभर तुला हसलो मी." ते प्रीताकडे वळले. "तुझ्यावर आळ येतोय हे कळलं असतं, तर त्याच मिनिटाला बोललो असतो. हे खरं आहे, बेटा."

"आय नो, बाबा."

"नातवंड मागितलंत ना?" शोभाने रडत विचारलं.

"नाही," विष्णुपंत म्हणाले. "हिवाळ्यापासून या घरात त्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. मीही नाही. ही पोरगी आतल्या आत कुढते आहे. हिला बोलतं कर, एवढंच म्हटलं त्या बाईला. मराठीतच म्हटलं, तिला काय कळलं कोण जाणे."

प्रीता उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. नकुल उठायला लागला, तेव्हा अहिल्याताईंनी मानेने नको म्हटलं. शोभाच उठली. ती सुनेजवळ गेली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

"मी नुसतं विचारलं, असं सगळ्यांना सांगत राहिले," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं. चोर म्हटलं होतं तुला. माझं चुकलं, प्रीता."

"हो," प्रीता म्हणाली. "मला राग आहे, आई. तो आज नाही जाणार."

"नको जाऊ देऊस."

"आणि आम्ही फ्रीमाँटला जातोय. नकुलचा जॉब आता तिकडे आहे." ती वळली. तिचा चेहरा भिजला होता, पण आवाज स्थिर होता. "पण ते दुसरं, जे बाबा म्हणाले. मला वाटायचं तुम्ही सगळे विसरलात. कोणी एकदाही विचारलं नाही. मुलगी होती ती. आम्ही नाव ठेवलं होतं तिचं, मी आणि नकुलने. हॉस्पिटलमध्येच ठेवलं."

नकुलने मान खाली घातली. शोभा आणि विष्णुपंत दोघंही तिच्याकडे बघत होते. या घरात एक नात येऊन गेली होती आणि तिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. ते विचारायची हिंमत शेवटी शोभाने केली.

"काय ठेवलं होतं गं?"

"रुही," प्रीता म्हणाली.

शोभाने ते नाव एकदा हळूच म्हटलं. मग विष्णुपंतांनी म्हटलं.